कोड माझ्या फोनवर येतो

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून तुला वाटेल, म्हातारी गेली की काय आणि कुणीतरी कळवतंय. मी आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून टपालाची वाट धरली. पाकीट तरी फोडशील. लहानपणी घरातलं एकही घड्याळ तू न उघडता ठेवलं नाहीस.

माझ्यासाठी लिहीत नाहीये. माझं बरं चाललंय. दुकान उघडते, पँटी आखूड करते, चेन बदलते. लोक जाड होतात, बारीक होतात, त्यावर माझं पोट चालतं. लिहितेय ते तुझ्या धाकट्या बहिणीसाठी.

जावई वेगळे राहायला गेलेत, हे तुला कुठून तरी कळलं असेलच. प्रकरण कोर्टात आहे. पिटू आईकडे राहणार की बापाकडे, हे वसंतात ठरेल. तोवर ती बारकीकडे. जावयांना आठवड्यातून एकदा बागेत भेट, तीही कोर्टाने नेमलेल्या बाईंच्या देखत. आणि बारकी राहते त्याच घरात, जे त्यांनी एवढ्या हौसेने सजवलं होतं. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप, भिंतीवरचा हीटर, पिटूच्या खोलीत कॅमेरा, स्वयंपाकघरात तो बोलणारा डबा, सगळं फोनवरून चालणारं. तुला माहीतच आहे. त्यावरूनच तर तू महाभारत केलं होतंस.

आता ते घर तिच्या अंगावर येतंय. थंडीत सकाळी उठून बघावं तर हीटर बंद. पिटूचा खोकला जात नाही. बारकी शपथेवर सांगते की मी चालू ठेवला होता. ती भाजी चिरत असली की तो डबा मध्येच हसतो. खरं माणसाचं हसू नाही, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात मागून लावतात ना, तसलं. कुलूप तिचे आकडे एकदा घेतं, एकदा घेत नाही. आणि मी तिथे असले की यातलं काही म्हणजे काही होत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की झोप लागते, पण मग कुठे काय ठेवलं ते आठवत नाही. पोर नुसती वाळून गेलीय. तिचे दोन कुर्ते मी आतून घेतले, तरी ढगळच होतात. जावई मला म्हणाले, "आई, तिच्याकडे लक्ष ठेवा. तिच्या हातून काहीतरी होऊन बसेल." वेगळे राहूनही एवढी काळजी करतात.

तर विचारायचं ते हे. तुझं कामच हे आहे म्हणतात. लोक तुला आपल्या घरातल्या यंत्रांत घुसायला बोलावतात, आणि कुठून घुसता आलं ते तू दाखवतेस. मग सांग मला. बाहेरून कुणी हे करू शकतं का? की माझी पोर... पुढचं लिहवत नाही.

घर दाखवायला सगळ्यांना बोलावलं होतं त्या दिवशी तू चारचौघांत म्हणालीस, या घराची प्रत्येक किल्ली एकाच माणसाच्या खिशात आहे आणि तो माणूस हिचा फोनही तपासतो. मी म्हणाले, बहिणीचं सुख तुला बघवत नाही. बोलले ते बोलले. आता त्याचं काय लोणचं घालायचंय? बहीण तुझी आहे. उत्तर दे.

आणि एक. जावयांवर घसरू नकोस. ते तसले नाहीत.

तू मान किंवा मानू नकोस,
तुझी आई


१७ फेब्रुवारी

चि. ठकीस,

तुझं उत्तर पोचलं. ना मायना, ना खुशाली, ना शेवट. नुसतं हे करा, ते करा. अगं, औषधाच्या बाटलीवरसुद्धा 'हलवून घ्या' असं जरा मायेने लिहिलेलं असतं.

पण एका वाक्याने बारकी रडली. 'तू वेडी नाहीस, हे सगळं बाहेरून करता येतं.' तिने ते मला तीनतीनदा वाचायला लावलं.

मी दुकान बंद ठेवून तिच्याकडे गेले. इंटरनेटच्या डब्याच्या पाठीला बारीक भोक असतं, त्यात टोचून धरायचं असं तू लिहिलंस. बारकी टाचणी शोधत घरभर फिरली. मी पर्समधून सुई काढली आणि धरली टोचून. सगळे दिवे विझले, मग एकेक करून लागले. पिटूने टाळ्या वाजवल्या. मग तू सांगितलंस तसे डब्याचे जुने पासवर्ड काढून नवे टाकले, प्रत्येक यंत्राला नवीन अपडेट दिलं, आणि जुनी सगळी माणसं त्या अॅपमधून काढून टाकली. जुनी माणसं म्हणजे काय, जावईच. त्यांचं नाव पुसताना बारकी दोनदा थांबली. मलाही बरं वाटलं नाही.

कॅमेरा उपटून फेकून दे म्हणालीस, ते जमणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, घर आणि सामान त्यांच्या नावावर आहे, निकाल लागेपर्यंत काही काढू नका. कॅमेरा काढला तर म्हणतील, ही काहीतरी लपवतेय.

तू लिहिलंस, 'तिला एकटीला बसून करू दे.' का गं? मी काय तिच्या पदरात विंचू सोडणार होते? गोळ्यांनी तिच्या डोक्यात दोन आकडे टिकत नाहीत. पासवर्ड मीच ठरवले. गिऱ्हाइकांची मापं मला वर्षानुवर्षं तोंडपाठ असतात, चार पासवर्ड काय जड आहेत?

आणि ते तुझं दुहेरी कुलूप. पासवर्ड टाकला की फोनवर कोड येणार, तो टाकला तरच आत शिरता येणार. बारकीचा फोन जावयांच्या नावावर, म्हणून तिने स्वतःच्या नावावर नवा नंबर घ्यावा असं तुझं म्हणणं. बरोबर आहे. पण तिची ओळखीची कागदपत्रं अजून त्यांच्याच कपाटात. ती म्हणाली, ताईला विचारूया. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, माझा फोन आहे की! तर आता कोड माझ्या फोनवर येतो. बारकीला आत जायचं असलं की ती मला फोन करते आणि मी तिला वाचून दाखवते. त्या निमित्ताने दिवसातून एकदा बोलणं होतं.

'कोड कोणालाही सांगायचा नाही' ही ओळ तू अधोरेखित केलीस. कोणालाही म्हणजे परक्याला, एवढं मला कळतं.

पत्राचा शेवट कसा करतात ते शिकवते, बघ:
तुझी वाट पाहणारी,
आई


६ मार्च

चि. ठकीस,

दृष्ट लागू नये, पण घर शांत झालंय. डबा हसत नाही. कुलूप निमूटपणे उघडतं. बारकीने काल चक्क आरशासमोर उभं राहून केस विंचरले. वकीलबाई म्हणाल्या, असंच चाललं तर पिटू नक्की आईकडेच राहील. माझ्या सुईने काम केलं. बरं, तुझ्या अकलेने आणि माझ्या सुईने.

तू विचारलंस, कोड येतात का आणि किती येतात. येतात कधीमधी. बारकी आत जाते तेव्हा येतात. तू उगाच शंका काढू नकोस, चोराच्या मनात चांदणं तसं तुझ्या मनात सदा चोर.

गेल्या आठवड्यात जावई दुकानात आले होते. जाकिटाची चेन अडकली होती. चेन काढून नवी बसवेपर्यंत बसून राहिले. एवढा उंच माणूस, माझ्या त्या लहानशा स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. बोलता बोलता रडले. आठवड्यातून एकदाच लेक दिसते, म्हणाले, तीही अनोळखी बाईच्या नजरेखाली, आणि पिटू आता त्यांच्या कडेवर यायला लाजते. मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकं होती. काय बोलणार?

ते काही राक्षस नाहीत गं. तू त्यांना एकाच दिवसात तोललंस. मी त्यांना लग्नाच्या आधीपासून बघतेय. माझ्या पाठीचा एक्स-रे काढायचा होता तेव्हा मला दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं? तू तर नव्हतीस.

पिटूचं एक गमतीचं सांगते. हल्ली ती तिच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला खेळणी दाखवते. "बाबा, बघ," म्हणते. बारकी दचकली. मी म्हटलं, पोरं काय, भिंतीशीही बोलतात. तू भातुकलीतल्या किटलीशी भांडायचीस.

तुझा आवाज ऐकावासा वाटतो. मी फोन करणार नाही, तू उचलणार नाहीस ते मला माहीत आहे.

आई


२९ मार्च

ठके,

बारकीच्या घराचं दार फोडावं लागलं. पिटूचा उजवा तळहात भाजलाय.

दुपारची गोष्ट. पिटू झोपली होती. बारकी कचऱ्याची पिशवी टाकायला खाली गेली. खाली आणि वर, एवढंच. वर येऊन आकडे दाबले तर कुलूप उघडेना. पुन्हा दाबले. फोन आत. पिटू उठली आणि रडायला लागली. बारकी दारावर धडका देत होती, शेजारची नर्स धावून आली, तिने अग्निशमनवाल्यांना बोलावलं. ते येईपर्यंत पिटू आतून "आई, आई" करत होती आणि बारकी दाराच्या फटीतून "इथेच आहे मी" म्हणत होती. मग पिटूची एकदम वेगळी किंकाळी आली. दार फोडून आत गेले तेव्हा भिंतीवरचा हीटर लालबुंद तापलेला. तिने त्याला धरून खिडकीशी चढायचा प्रयत्न केला असावा.

मार्च संपत आलाय, खिडकीत चांगलं ऊन आहे. बारकी म्हणते, हीटर तिने आठवड्यापूर्वीच बंद केला होता. म्हणत होती, म्हणजे. आज विचारलं तर म्हणाली, "आई, मीच लावला असेन. कुलपाचे आकडेही मीच चुकले असेन. मला काही सांगता येत नाही." आणि पिटूच्या बँडेजकडे बघत बसली.

दवाखान्याने कोर्टाला कळवलंय. कळवावंच लागतं त्यांना. तारीख अलीकडे आणलीय, १२ एप्रिल. वकीलबाईंचा चेहरा उतरलाय. जावयांच्या वकिलाने म्हणे एक व्हिडिओ कोर्टात दिलाय. लहान मूल घरात एकटं, हीटर चालू, आई बाहेर.

तू सांगितलंस ते सगळं आम्ही केलं. अक्षरन् अक्षर केलं. मग काय कामाचं तुझं ते दुहेरी कुलूप? लोकांची घरं सांभाळतेस आणि बहिणीचं एक घर तुला सांभाळता आलं नाही. ये इथे आणि बघ पोरीचा हात.

आई


२ एप्रिल

चि. ठकीस,

परवा तू फोन केलास. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू काय म्हणालीस? कशी आहेस, नाही. पिटू कशी आहे, नाही. म्हणालीस, "आई, बारकीने अॅपमध्ये कोण कोण शिरलंय ते उघडून मला वाचून दाखवलं. त्यात एक फोन तुमच्यापैकी कुणाचाच नाही. कोड कुणाला दिलास?"

मी म्हणाले, कुणाला नाही.

तू पुन्हा विचारलंस. मी म्हणाले, तुला आईवर विश्वास नाही का? आणि फोन ठेवला.

आज दुकानात जावई आले. आपण होऊन आले. म्हणाले, "आई, तुमच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून कोर्टात लावण्याआधी तुम्हालाच दाखवतो. बघा तुमची मुलगी माझ्या लेकीला कशी सांभाळते." आणि त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ लावला.

मी पाहिला. कॅमेऱ्यात दिसतं ते सगळं त्यांनी आपल्या फोनवर उतरवून घेतलंय. पिटू गादीवरून उतरते. दाराकडे जाते, परत येते. हाका मारते. बाहेरून बारकीच्या धडका ऐकू येतात. आणि मध्येच, अगदी जवळून, कपात चमचा फिरवल्याचा आवाज येतो. फिरतो, थांबतो, कपाच्या काठावर दोनदा आपटतो. तिकडे पिटू हाका मारतेय आणि इकडे कुणीतरी साखर ढवळतंय.

बारकीच्या घरात त्या वेळी चहा ढवळणारं कुणी नव्हतं, ठके. ते स्वतःच्या खोलीत बसून बघत होते, आणि त्यांच्या बाजूचा आवाजही फोनने टिपला. कुलूप त्यांच्या हातात होतं. एक बोट लावलं असतं तर दार उघडलं असतं. हीटरही बंद झाला असता. किंकाळीनंतरही व्हिडिओ चालूच राहतो.

मी त्यांना म्हटलं, पुन्हा लावा बघू. त्यांनी लावला. त्यांना वाटलं, मला लेकीचा राग आलाय.

आता लिहिते. फोनवर बोलताना लिहिताना मिळतो तेवढा वेळ मिळत नाही, समोरचा लगेच पुढचं विचारतो.

ती जाकिटाची चेन बसवली त्या दिवशी पहिल्यांदा. ते म्हणाले, "दोन मिनिटं तिला बघू दे फक्त. झोपलेली असली तरी चालेल. तुमच्या फोनवर आकडे आले असतील बघा." आकडे आले होते. मी चष्मा लावला आणि वाचून दाखवले. पासवर्ड त्याआधीच सांगितला होता. त्यांनी तिथेच, स्टुलावर बसून, पिटूला पाहिलं आणि माझे हात हातात घेतले. नंतर पुन्हा दोनदा आकडे लागले, ते मी फोनवर सांगितले. पिटू कॅमेऱ्याला खेळणी दाखवायची ते भिंतीशी बोलणं नव्हतं. ते तिला पलीकडून हाक मारायचे, बारकी दुसऱ्या खोलीत असली की. हेही मला माहीत होतं. माहीत असून मी तुला किटलीची गोष्ट लिहिली.

का केलंस म्हणशील. बाप रोज लेकीला बघेल, त्याचं मन वळेल, घर पुन्हा सांधलं जाईल, असं मला वाटलं. माझ्या धंद्यात फाटलं म्हणून टाकून देत नाहीत. आणि अजून एक आहे, ते लिहायला लाज वाटते. तू बोलत नव्हतीस. बारकी स्वतःच्याच विवंचनेत. मला 'आई' म्हणून हाक मारत दुकानात येऊन बसणारं एकच माणूस होतं, ते हेच. मला ते तुटायला नको होतं.

ते फक्त बघतात असं मी धरून चालले. ज्या कोडने कॅमेरा उघडतो त्याच कोडने कुलूप आणि हीटरही हाताशी येतात, हे मला कळलं नाही. कळलं नाही कसं? तू लिहिलं होतंस. 'एक उघडलं की सगळं उघडलं.' मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. आपण चोर शोधत होतो बाहेर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो कळसा मी.

बारकीला अजून सांगितलेलं नाही. ती स्वतःला वेडी समजतेय आणि मी समोर बसून तिला गोळ्या मोजून देते. कोर्टात मी हे बोलले तर आपल्या घराची उरलीसुरली झाकली मूठही उघडी पडेल. नाही बोलले तर पिटू त्यांच्याकडे जाईल. त्या चमच्याकडे.

काय करू विचारत नाहीये. काय करायचं ते मला ठाऊक आहे. फक्त उद्या सकाळी बारकीकडे जाण्याआधी कुणाला तरी लिहून टाकायचं होतं, म्हणजे वाटेतून मागे फिरता येणार नाही. हे पत्र आधी पेटीत टाकीन आणि मग तिच्याकडे जाईन.

आई


२० एप्रिल

चि. ठकीस,

तू कोर्टाच्या पडद्यावर, लांबून साक्ष देताना दिसलीस. केस कापलेस. बारीक झालीस, की तो पडदा तसा आहे, कळलं नाही. तू बोलत होतीस तेव्हा मी ऐकत कमी होते आणि बघत जास्त होते.

तुला दिसलं नसेल ते सांगते. मी साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा जावयांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जशी घरच्या माणसाला हलवतात तशी. त्यांच्या वकिलाने विचारलं, कोड तुम्ही स्वखुशीने दिला ना? मी म्हणाले, हो. त्यांनी धमकी दिली? नाही. चोरला? नाही. मग माझ्या अशिलाने घुसखोरी केली असं कसं म्हणता? घरच्या माणसानेच दार उघडून दिलं.

मी म्हणाले, "हो, मीच उघडून दिलं. पण आत जाऊन काय केलं ते त्यांना विचारा. आणि त्या व्हिडिओचा आवाज मोठा करा." न्यायाधीशबाईंनी आवाज मोठा करायला लावला. चमचा सगळ्यांनी ऐकला. बारकीनेही ऐकला. तिने कानावर हात ठेवले नाहीत. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

निकाल तुला माहीत आहे. पिटू आईकडे. चौकशी संपेपर्यंत बापाची भेट बंद. त्यांचा फोन पोलिसांनी घेतलाय, पण ते स्वतः मोकळे आहेत. बारकीला दुसरीकडे राहायला जायची परवानगी मिळाली आणि नवा पत्ता फक्त कोर्टाकडे, बंद पाकिटात. वकीलबाई म्हणाल्या, जिंकलो. पिटूची मूठ अजून नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, कातडी आखडलीय, वाढत्या वयात पुन्हा ऑपरेशन लागेल.

त्या सकाळी मी बारकीला सगळं सांगितलं तेव्हा ती पिटूचे कपडे घडी करत होती. ऐकून घेतलं. घड्या घालत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. कपडे संपले तेव्हा तिने पहिल्यापासून सगळ्या घड्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी वेडी नव्हते." मी म्हणाले, नव्हतीस गं. म्हणाली, "आणि तुला माहीत होतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दोष देणार?

कोर्टाने तिची कागदपत्रं परत मिळवून दिली होती, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी तिने नवा फोन घेतला, स्वतःच्या नावावर. तो सुरू करायला बसली. मी जवळ बसले होते, सवयीने. ती म्हणाली, "आई, तू जरा बाहेर बस." रागाने नाही. गिऱ्हाइकाला पडद्यामागे कपडे बदलायचे असले की म्हणतात ना, तसं. मी बाहेर जिन्यात बसले. आतून कळ दाबल्याचे आवाज येत होते.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. पिटूने डाव्या हाताने टाटा केला. कुठे चाललात, विचारायला तोंड उघडलं होतं. बारकीने टॅक्सीवाल्यालाही माझ्यासमोर ठिकाण सांगितलं नाही. गाडी वळेपर्यंत वाट बघितली असेल तिने.

आई


९ जून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं आणि मग उत्तराला बसले.

तू लिहितेस, बारकी बरी आहे. गोळ्या बंद झाल्या. पिटूला शाळेत घातलंय. आणि बारकी म्हणते, मला आईला पत्र लिहायचंय, राग गेला नाही पण लिहायचंय. लिहू दे का, असं तू मला विचारतेस. अगं, मला काय विचारतेस, असं आधी मनात आलं. डोळे भरून आले. दुकान बंद केलं आणि तशीच बसून राहिले.

पण काल काय झालं ते ऐक.

काल जावई आले होते. पोलिसांनी त्यांना बारकीपासून लांब राहायला सांगितलंय, माझ्याकडे यायला बंदी घातलेली नाही. मी शटर ओढून घ्यायला हवं होतं. नाही ओढलं. ते उभेच राहिले. दाढी वाढली होती. काही मागितलं नाही, धमकी दिली नाही. पहिल्यांदा माफी मागितली. म्हणाले, "आई, मी त्या दिवशी माणसात नव्हतो. परवा पिटूचा वाढदिवस आहे. मी तिला भेटणार नाही. रस्त्याच्या पलीकडून बघीन आणि निघून जाईन. तुमची शपथ. कुठल्या गावी आहेत, एवढंच सांगा."

मला चमचा ऐकू येत होता, ठके. तोच आवाज, काठावर दोनदा आपटलेला. पिटूचा आखडलेला तळहात डोळ्यांपुढे होता. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. सगळं माहीत असूनही, ते 'आई' म्हणाले आणि माझं तोंड उघडलं. उत्तर द्यायला उघडलं. आत उत्तरच नव्हतं, म्हणून काही बाहेर आलं नाही. मी म्हणाले, मला माहीत नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांना पटलं. ते गेले.

मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. हे मी तुला शरमेने लिहीत नाहीये, सावध करायला लिहितेय. तू लोकांच्या घरात जाऊन सांगतेस ना, कुठून आत शिरता येतं? आपल्या घरात इथून शिरता येतं. याला अपडेट नाही. मी म्हातारी आहे, मी बदलेन असं धरून तू काही करू नकोस.

ते परत येतील. थांबून येतील, गोड बोलून येतील, आजारी आहे म्हणून येतील. मी शटर ओढीन असं वचन मी तुला देऊ शकत नाही.

म्हणून बारकीला सांग, लिहू नकोस. पिटूचं चित्रही पाठवू नकोस, फोटोही नको. तिला सांग, आईला राग नाही, तुझा राग गेला की नाही, याचंही आईला काही नाही. टपालाच्या शिक्क्यावर गावाचं नाव असतं आणि मला वाचता येतं.

तुझी,
आणि तिचीही,
आई